पेन्सिलीची नोंद

मुलानं अमेरिकेत घर घेतलं तेव्हा त्यानं मला आधी गॅरेज दाखवलं, मग मागचं अंगण, मग तळघरातला हीटर. मी म्हटलं, "कागद कुठायत?" चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढल्यावर माणसाला घर भिंतींत दिसत नाही, कागदात दिसतं. मुलगा सूनबाईकडे बघून हसला आणि त्यानं एक निळी फाइल माझ्यापुढे ठेवली.

घर जॉर्जिया राज्यात आहे, अटलांटाच्या उत्तरेला, फोर्सिथ काउंटीतल्या कमिंगजवळ. आपली मंडळी तिथं भरपूर. नवी वसाहत, एकसारखी घरं, एकसारखी हिरवळ. खरेदीखतातली इंग्रजी नेहमीची वकिली. पण मिळकतीच्या वर्णनात माझं बोट अडकलं. अमुक नंबरचा लँड लॉट, दुसरा डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्शन, फोर्सिथ काउंटी. वसाहत काल-परवाची, प्लॉट नंबर वेगळा दिलेलाच होता. मग ही तीन मजली उतरंड कुठून आली?

"हा गट नंबर कुणी पाडला?" मी विचारलं.

"बाबा, वकिलानं टायटल सर्च केलाय. टायटल इन्शुरन्सही आहे."

"मालकी विचारत नाही रे. मोजणी विचारतोय."

त्याला ठाऊक नव्हतं. तिथल्या कुणालाच ठाऊक असायचं कारण नाही. आपल्याकडे तरी सर्व्हे नंबर पहिल्यांदा कुणी पाडला हे किती जण विचारतात? पण मला तेव्हा सहा महिन्यांचा व्हिसा आणि भरपूर रिकामा वेळ होता. त्या नंबरांच्या मागं मागं गेलो आणि १८३२ सालात पोचलो. ही मोजणी सोडतीसाठी झाली होती. म्हाडाची असते तशीच सोडत. फरक इतकाच की सोडतीतल्या जमिनीवर माणसं राहत होती, नांगरत होती, आणि ती जमीन त्यांची होती.

ती माणसं चेरोकी. आपल्याकडे 'रेड इंडियन' म्हणून एकाच पोत्यात कोंबलेल्या शेकडो समाजांपैकी एक. त्यांच्या हकालपट्टीबद्दल आपण ऐकलेलं असतं ते एवढंच: गोरे आले, बंदुका आणल्या, आदिवासी हरले. हे वाक्य मला आता खटकतं. बंदुका सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्या आधी साखळी आली, साखळीच्या आधी कायदा, आणि साखळी-बंदुकीच्या मध्ये एक करार. माझ्या खात्यातल्या माणसाला ओळखू येईल अशा क्रमानं ते सगळं झालं, म्हणून हा लेख.

क्रम असा. जॉर्जियानं १८०२ मध्ये आपल्या पश्चिमेकडच्या जमिनीवरचा दावा केंद्र सरकारला सोडला. बदल्यात केंद्रानं शब्द दिला की राज्याच्या हद्दीतला आदिवासींचा हक्क आम्ही संपवून देऊ. म्हणजे तिसऱ्याच्या जमिनीबद्दल दोघांचा आपसातला सौदा. पुढची पंचवीस वर्षं बहुतेक चेरोकी काही हलले नाहीत. मग १८२९ च्या सुमारास डालोनेगाच्या परिसरात सोनं सापडलं आणि हजारो लोक कुदळी घेऊन घुसले. २८ मे १८३० रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आदिवासींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. तो कायदा एकमतानं झाला नव्हता. प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतं पडली. जॅक्सन यांच्याच टेनेसी राज्यातला डेव्ही क्रॉकेट विरोधात उभा राहिला. 'त्या काळी सगळेच तसा विचार करायचे' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

मग मोजणीवाले आले. चेरोकी मुलखाचे चार सेक्शन पाडले, सेक्शनचे डिस्ट्रिक्ट, डिस्ट्रिक्टचे लॉट. साधी जमीन १६० एकरांचे तुकडे पाडून, सोन्याची ४० एकरांचे. साखळी गुंटरची, ६६ फुटी. चाळीस एकरांचा चौरस म्हणजे बाजूला बरोबर वीस साखळ्या. हे वाचताना माझे तळहात हुळहुळले. आमची साखळी ३३ फुटी, सोळा आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यांच्या साखळीच्या बरोबर निम्मी! आपल्या दख्खनमध्ये इंदापूरला गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी सुरू झाली १८३५ मध्ये. दोन खंडांत, जवळपास एकाच वेळी, एकाच घराण्यातल्या साखळ्या जमिनीवरून सरकत होत्या.

साखळीला मी दोष देत नाही. माझं घर तिच्यावर चाललं. पण एक गोष्ट मोजणीदाराइतकी कुणाला कळत नाही: जमीन मोजली गेली की ती देता येते. मोजण्याआधी ती अमक्याच्या बापाची, ओढ्याच्या अलीकडची, मोठ्या झाडापासूनची असते. मोजली की नंबर होतो, आणि नंबर पिंपात टाकून फिरवता येतो. ऑक्टोबर १८३२ पासून मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत तेच झालं. एकीकडे गोऱ्या नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसरीकडे लॉटच्या. ज्याला जमीन लागली त्याला कागदोपत्री शब्द होता 'भाग्यवान'. माझ्या मुलाच्या खतातला लँड लॉट असाच कुणा भाग्यवानाला लागलेला.

काउंटीच्या नावातही गंमत आहे, हसू न येणारी. शेजारची काउंटी चेरोकी, म्हणजे ज्यांना हाकललं त्यांचं नाव. मुलाची काउंटी फोर्सिथ. तो जॉन फोर्सिथ १८३० मध्ये सिनेटर होता आणि हकालपट्टीच्या कायद्याची बाजू सभागृहात त्यानं लढवली होती. दोन पाट्या एकमेकींना लागून उभ्या आहेत.

एका शनिवारी आम्ही सगळे न्यू एकोटाला गेलो. मुलाच्या घरापासून गाडीनं सव्वा-दीड तास. चेरोकी राष्ट्राची ही राजधानी, १८२५ मध्ये वसवलेली. आता तिथं मोकळं माळरान, अधूनमधून लाकडी घरं, बहुतेक सगळी नव्यानं उभारलेली. शांतता इतकी की वाळल्या गवतात पाय वाजतात. सभागृह, त्यांचं सर्वोच्च न्यायालय, छापखाना. होय, छापखाना.

सिक्वोया नावाचा एक चेरोकी कारागीर होता, चांदीकाम करायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोऱ्यांचे कागद बोलतात एवढं त्यानं पाहिलं आणि आपल्या भाषेचे कागद बोलते करायचे ठरवलं. १८२१ पर्यंत त्यानं लिपी पुरी केली. तिथं भिंतीवर तिचा तक्ता आहे. माझी सात वर्षांची नात त्यापुढे उभी राहिली आणि इंग्रजी उच्चार बघून वाचायला लागली: ग, गे, गी, गो, गू. मग वळून म्हणाली, "आजोबा, ही तर बाराखडी आहे!" खरोखरच होती. प्रत्येक ओळीत एक व्यंजन, प्रत्येक रकान्यात एक स्वर; फक्त आपल्यासारख्या काना-मात्रा न लावता प्रत्येक जोडीला स्वतंत्र अक्षर. छपाईत वापरली ती पंच्याऐंशी अक्षरं. काही वर्षांतच चेरोकी माणसं आपल्या भाषेत पत्रं लिहू लागली.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी या छापखान्यातून 'चेरोकी फिनिक्स' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. संपादक एलायस बूडिनॉट, चेरोकीच. आपलं पहिलं मराठी वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ ला निघालं. तेही द्विभाषिक, एका अंगाला इंग्रजी, एका अंगाला मराठी. म्हणजे ज्यांना आपण 'मागास, म्हणून हरले' म्हणतो ते वर्तमानपत्राच्या बाबतीत आपल्यापुढे जवळजवळ चार वर्षं होते. त्याआधी १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटनाही केली होती.

आणखी एक धागा आहे, आणि तो थेट आपल्या दारापर्यंत येतो. या छापखान्यासाठी खिळे मिळवून देणारा सॅम्युअल वूस्टर हा मिशनरी बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा माणूस. त्याच बोर्डाची माणसं १८१३ पासून मुंबईत होती. अमेरिकन मराठी मिशन ते हेच; अहमदनगरहून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढणारे हेच. बोर्डाचे सचिव जेरेमाया एव्हर्ट्स मुंबईच्या मिशनचा पत्रव्यवहार सांभाळत होते आणि १८२९ मध्ये टोपणनावानं लेखमाला लिहून चेरोकींची बाजूही मांडत होते. देवनागरीचे खिळे आणि चेरोकीचे खिळे एकाच संस्थेच्या हिशेबाच्या वहीत असणार. पुढं न्यू एकोटाला उत्खननात शिशाचे ते खिळे मातीतून निघाले. सगळी भाषा उचलून नेता येत नाही. काही अक्षरं सांडतातच.

वूस्टरचं घर हे न्यू एकोटातलं एकमेव मूळ घर. त्याच्या ओसरीत बसून मी माझा डबा खाल्ला, आणि तिथंच मला हे प्रकरण नीट उलगडलं. जॉर्जियानं कायदा केला होता की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याचा परवाना घ्यावा आणि निष्ठेची शपथ घ्यावी. वूस्टरनं नकार दिला. त्याच्यासह अकराजणांना चार वर्षं सक्तमजुरी झाली. नऊजण माफी घेऊन सुटले. वूस्टर आणि डॉक्टर एलायझर बटलर तुरुंगात गेले आणि खटला वरच्या कोर्टात नेला. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: चेरोकी हा वेगळा समाज आहे, त्याला स्वतःची हद्द आहे, आणि त्या हद्दीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही.

जिंकले! देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिठ्ठ्या निघाल्या.

'मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच अंमल करावा' असं काहीतरी जॅक्सन म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. ते तसं बोलल्याचा धड पुरावा नाही. बोलायची गरजही नव्हती. वूस्टर पुढं जवळपास वर्षभर तुरुंगातच राहिला, १८३३ च्या जानेवारीत सुटला. ओसरी असलेलं त्याचं हे घर लॉटरीतल्या मालकानं १८३४ मध्ये रिकामं करून घेतलं. त्याच वर्षी 'फिनिक्स' बंद पडला, आणि १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच उचलून नेला. चेरोकींचे मुख्य प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनहून परतले तर त्यांच्या घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. त्यांचंही घर एका भाग्यवानाला लागलं होतं.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाणारी एक गोष्ट इथं मोडते. शिका, त्यांची भाषा शिका, कायदा शिका, वर्तमानपत्र काढा, कोर्टात जा, मग तुम्हाला कुणी हात लावणार नाही. चेरोकींनी यातलं सगळं केलं. गोऱ्यांचे दोषसुद्धा उचलले: श्रीमंत चेरोकी कापसाचे मळे लावून काळ्या गुलामांकडून राबवून घेत. १८३५ च्या गणनेत त्यांच्याकडे दीड हजारांहून अधिक गुलाम होते, आणि पुढं हकालपट्टीत तेही मालकांबरोबर चालत गेले. सुधारणेच्या यादीतली एकही ओळ चेरोकींनी सोडली नाही, आणि कुठलीही ओळ त्यांच्या कामी आली नाही. समोरच्याला जमीन हवी होती.

आता करार. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे.

२९ डिसेंबर १८३५. न्यू एकोटा, बूडिनॉटचं घर. काही शे लोक जमले. चेरोकी होते सोळा हजारांच्या घरात. रॉस आणि निवडून आलेली परिषद हजर नव्हती. वीसेक जणांनी सह्या केल्या: पूर्वेकडची सुमारे सत्तर लाख एकर जमीन पन्नास लाख डॉलर आणि पश्चिमेतल्या जमिनीच्या बदल्यात दिली. एकरी एक डॉलरसुद्धा पडला नाही. सह्या करणाऱ्यांत चेरोकी पुढारी मेजर रिज होते, बूडिनॉट होते. त्यांना गद्दार म्हणणं सोपं आहे. इथं राहिलो तर दारू, लुटारू आणि जॉर्जियाचे कायदे मिळून आपली माणसं संपवतील, निदान काही हातात घेऊन निघू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या हेतूवर वाद घालता येईल. अधिकारावर नाही. त्यांना राष्ट्राच्या वतीनं सही करायचा अधिकार नव्हता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण जमीन विकणाऱ्याला मृत्यूदंड हा चेरोकींचाच कायदा होता. २२ जून १८३९ रोजी मेजर रिज, त्यांचा मुलगा जॉन आणि बूडिनॉट या तिघांना एकाच दिवशी मारलं गेलं.

फेरफार नोंदीची पद्धत गावाकडच्या कुणालाही माहीत असते. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर नोंद वादग्रस्त होते, सुनावणी होते. चेरोकींनी हरकत घेतली. पंधरा हजारांहून जास्त नावांचा अर्ज रॉस यांनी वॉशिंग्टनला नेला. चावडीवर असा अर्ज आला असता तर मंडल अधिकाऱ्याला घाम फुटला असता. सिनेटनं मे १८३६ मध्ये करार मंजूर केला. दोनतृतीयांशांची अट होती, आणि ती पुरी झाली एका मतानं. निघून जायला दोन वर्षांची मुदत मिळाली: २३ मे १८३८.

मधल्या काळात मूल्यांकन करणारे घरोघर फिरले. त्यांच्या याद्या अजून शिल्लक आहेत. लाकडी घर, इतके फूट बाय इतके फूट. मक्याची कणगी. कुंपण. पीचची झाडं इतकी, सफरचंदाची इतकी. प्रत्येकापुढे रक्कम. त्या याद्यांच्या प्रती वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण असल्या याद्या मी स्वतः केल्यात. त्याबद्दल पुढं सांगतो.

मुदत संपली तेव्हा बहुतेक चेरोकी आपापल्या घरांतच होते. मका वर आला होता. जनरल विनफिल्ड स्कॉट सात हजारांची फौज घेऊन आले होते. २६ मेपासून जॉर्जियात धरपकड सुरू झाली. माणसांना भरल्या पानावरून उठवलं, शेतातून आणलं, कुडाच्या कोंडवाड्यात घातलं. स्कॉट यांनी सैनिकांना सौजन्यानं वागायची लेखी ताकीद दिली होती. लेखी ताकीद फाइलला लागते. ती कोंडवाड्यापर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात तिथं हगवण आणि ताप पसरला. पाणी आटल्यामुळे आणि मरणं वाढल्यामुळे रॉस यांनी शरद ऋतूपर्यंत थांबायची परवानगी मागितली आणि प्रवासाची व्यवस्था चेरोकींनीच हातात घेतली. तांडे निघाले ते हिवाळ्याच्या तोंडी. सुमारे तेराशे किलोमीटर. मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत होते आणि मागचे तांडे दक्षिण इलिनॉयमध्ये उघड्यावर अडकून पडले. सोळा हजारांतले अंदाजे चार हजार गेले; काही अभ्यासक याहून जास्त धरतात. रॉस यांच्या पत्नी क्वाटी लिटल रॉकजवळ वारल्या. चेरोकी भाषेत त्या वाटेचं नाव आहे: जिथं ते रडले ती वाट.

पश्चिमेत पोचल्यावर त्यांनी काय केलं? दावे लिहून दिले. मागं राहिलेली कढई, चाती, नांगर, कोंबड्या, उभं पीक. कागदानं हाकललेल्या माणसांनी पुन्हा कागदच हातात घेतला. टालेक्वाला नवी राजधानी वसवली, १८४४ मध्ये पुन्हा वर्तमानपत्र काढलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. लिहिता येणाऱ्या माणसाचा कागदावरचा विश्वास सहजासहजी मरत नाही.

माझं म्हणणं आता सुरू होतं.

त्या करारात एक कलम आहे, सातवं. अमेरिकी काँग्रेस तशी तरतूद करील तेव्हा चेरोकी राष्ट्राला प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क राहील, असं त्यात लिहिलंय. मत देण्याचा अधिकार नसलेला, ग्वामचा किंवा वॉशिंग्टन शहराचा असतो तसा. मागणी नवी नव्हती. १७८५ च्या होपवेल करारातही काँग्रेसकडे आपला माणूस पाठवायचा हक्क चेरोकींना दिलेला होता. २०१९ मध्ये चेरोकी राष्ट्राचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी किम टीही यांचं नाव प्रतिनिधी म्हणून जाहीर केलं. २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली. खुर्ची अजून रिकामी आहे.

यावर आक्षेप येतात. चेरोकी मतदार आपापल्या मतदारसंघातून मत देतातच, मग दुहेरी प्रतिनिधित्व होईल. चेरोकींचे आणखी दोन मान्यताप्राप्त गट आहेत, त्यातला एक हकालपट्टीतून सुटून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात राहिलेल्यांचा. त्यांचाही दावा आहे. 'तरतूद करील तेव्हा' म्हणजे बंधन नाहीच. हे प्रश्न खरे आहेत आणि बसून सुटण्याजोगे आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. करार खोटा होता असं अमेरिका म्हणत असेल, तर फोर्सिथ काउंटीतल्या प्रत्येक खताखालची जमीन हलते. करार खरा होता असं म्हणत असेल, तर सातवं कलमही खरं. पहिलं कलम पक्क्या शाईनं आणि सातवं हवेत, असं चालत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव चढवताना 'इतर हक्क' हा रकाना कोरा ठेवून नक्कल द्यायची नसते. ज्या कागदानं जमीन आली त्याच कागदानं बोजाही येतो.

हे मी मोठ्या तोंडानं सांगतोय, पण तो रकाना मी स्वतः एकदा कोरा सोडलेला आहे. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. एका धरणासाठी संयुक्त मोजणी चालली होती. मी झाडं, विहिरी, पडव्या लिहून घेत होतो. आंबा इतके, चिंच एक, कच्ची विहीर एक. एका गटावर दिराचं नाव होतं आणि इतर हक्कांत विधवा भावजयीचं, अन्नवस्त्राच्या हक्कापोटी. माझ्या पत्रकात तसा रकाना नव्हता. मी वरिष्ठांना विचारलं नाही, समासातही लिहिलं नाही. उन्ह फार होतं, गट बरेच उरले होते. मोबदला दिराच्या नावे निघाला. वर्षभरानं ती बाई कचेरीच्या पायरीवर बसलेली दिसली. मला ओळखून म्हणाली, "सायेब, उताऱ्यावर तर व्हतं माझं नाव. मंग वाटंत कुठं सांडलं?" मी तिला अर्ज लिहून दिला. त्याचं पुढं काय झालं हे मी बघितलं नाही, कारण तोवर माझी बदली झाली होती. निदान मी स्वतःला हेच सांगत आलोय.

म्हणून 'सगळं कायदेशीर झालं होतं' या वाक्यानं माझं समाधान होत नाही. फोर्सिथ काउंटीतून १९१२ मध्ये हजाराहून अधिक काळ्या रहिवाशांनाही धाक घालून हाकललं होतं. त्या जमिनींचे कागद आज स्वच्छच असणार. स्वच्छ कागदाचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की नक्कल करताना कुणीतरी एक रकाना गाळला.

मुलगा चिडला होता. त्याची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. "बाबा, दोनशे वर्षं झाली. मी इथं कर भरतो, कर्जाचे हप्ते भरतो. आता घर परत देऊ का?" कुणी मागितलंय? ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मस्कोगी समाजाच्या एका प्रकरणात सांगितलं की ओक्लाहोमातला त्यांना करारानं दिलेला मुलूख काँग्रेसनं कधी रद्द केलेलाच नाही, म्हणून तो अजून त्यांचाच राखीव प्रदेश आहे. पुढच्या वर्षी तिथल्या राज्य न्यायालयानं चेरोकींच्या मुलखालाही तेच लावलं. राज्य सरकार आधी ओरडत होतं की अनागोंदी माजेल. घरं कुणाची गेली नाहीत; खटले कुठल्या कोर्टात चालायचे ते बदललं, आणि २०२२ च्या निकालानं त्यातलाही काही भाग राज्याला परत मिळाला. जुना शब्द खरा मानला तर आभाळ कोसळतं, ही भीती नेहमी शब्द देणारेच घालतात.

आणि करार पाळण्याचा जाच एकाच बाजूला होत नाही. १८६६ च्या करारात चेरोकींनी आपल्या मुक्त गुलामांना नागरिकत्व देण्याचं कबूल केलं होतं. २००७ मध्ये मतदान घेऊन त्यांनी त्या वंशजांना बाहेर काढलं. ते वंशजही कागद घेऊन कोर्टात गेले आणि २०१७ मध्ये जिंकले. २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयानं घटनेतली रक्ताची अट काढून टाकली. तुमचा शब्द पाळा म्हणणाऱ्यांना स्वतःचाही पाळावा लागला. यानं त्यांची मागणी कमजोर होत नाही, उलट तिला वजन येतं.

जॉर्जियानंही आपले जुने चेरोकीविरोधी कायदे रद्द केले, १९६२ मध्ये, न्यू एकोटा उद्यान म्हणून खुलं करताना. सव्वाशेहून जास्त वर्षांनी. तिथं एक जुनी पथिकाश्रमाची इमारत उभी आहे, १८०५ ची, व्हॅन या चेरोकी कुटुंबाची. ती मुळात फोर्सिथ काउंटीतली, मुलाच्याच मुलखातली. धरणाच्या लेनियर जलाशयात बुडणार म्हणून सोडवून इथं आणून उभारली. तो जलाशय मुलाच्या घराजवळच आहे. रविवारी आपली मंडळी तिथं सहलीला जातात, भेळ कालवतात. खाली काय आहे हे त्यांना कळावं एवढी माझी अपेक्षा आहे. अपराधी वाटून घेण्यासाठी नाही. त्यांतले पुष्कळजण तिथं मतदार आहेत, आणि सातव्या कलमाबद्दल आपल्या खासदाराला एक पत्र लिहिणं त्यांना सहज जमेल.

परतायच्या आदल्या रात्री मी खताची एक झेरॉक्स मागून घेतली. मिळकतीच्या वर्णनाशेजारी समासात शिसपेन्सिलीनं मराठीत लिहिलं: 'इतर हक्क: चेरोकी राष्ट्र. करार दि. २९-१२-१८३५, कलम ७.' खाली तारीख घातली. मुलगा वाकून बघत म्हणाला, "याला कायदेशीर किंमत शून्य आहे, बाबा."

मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे उतारे हातानं लिहीत तेव्हा तलाठी फेरफार धरताना उताऱ्यावर पहिली नोंद पेन्सिलीनंच करायचा. शाई नंतर यायची, वरचा अधिकारी प्रमाणित करायचा तेव्हा. तोवर पेन्सिलीची नोंद कुणी पुसायची नसे.